सोसायटीची सिक्युरिटी सर्व्हिस (गार्ड + कॅमेरे), नौपाडा, ठाणे – पाचपैकी चार

रिव्ह्यू मोठा आहे, आधीच सांगते. आम्ही एजन्सी शोधत होतो तेव्हा जे रिव्ह्यू वाचायला मिळाले त्यात एकतर "गुड सर्व्हिस" नाहीतर गार्ड झोपला होता म्हणून एक स्टार, याच्यापलीकडे काहीच नव्हतं, आणि तेवढ्यावरून दोन सोसायट्यांचे पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते ठरवता येत नाही. म्हणून जे जे विचारायला हवं होतं आणि जे नंतर कळलं ते सगळं लिहितेय, ज्यांना उपयोग होईल त्यांनी वाचा.

आमची गल्ली गोखले रोडपासून चालत पाच मिनिटांवर. तळमजला अधिक तीन अशा जुन्या बिल्डिंगा, लिफ्ट नाही, पुढे एक फाटक आणि मागे फणसाचं नाहीतर आंब्याचं एखादं झाड, नौपाड्यात वाढलेल्या कोणालाही डोळ्यासमोर येईल अशी. डिसेंबर २०२० मध्ये नवीन विकास नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात ती, आणि त्यानंतर रिडेव्हलपमेंटची बोलणी जी सुरू झाली ती थांबलीच नाहीत. आज गल्लीत एका बाजूला पत्रे ठोकलेले दोन प्लॉट, त्याच्या पुढे अर्धा उभा राहिलेला टॉवर, समोर एक बिल्डिंग रिकामी करून पाडायची वाट बघत उभी, आणि मधे आम्ही आणि शेजारची सोसायटी, ज्यांचं अजून बिल्डरशी जमलेलं नाही. बाकीचे लोक भाड्यानं कोलशेत, ढोकाळी, कळवा असे जिथे जागा मिळाली तिथे गेले, तीन वर्षांत येतो म्हणून.

मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाही हे स्पष्ट सांगते. ४ ऑगस्ट २०१५ ला पहाटे बी केबिनजवळची कृष्णा निवास कोसळली आणि १२ जण गेले, आमच्या इथून ती जागा लांब नाही, त्यानंतर कित्येक दिवस पाऊस जोरात आला की सासूबाई भिंतींवरून हात फिरवून बघायच्या. पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते त्यात सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करा, त्या शिक्क्याखाली माणसं राहतात ती काही हौसेनं नाही. तेव्हा नवीन बिल्डिंगा व्हायलाच पाहिजेत. पण त्या होईपर्यंतची जी चार-पाच वर्षं असतात, त्या काळात गल्लीचं काय होतं ते कोणत्याच करारात लिहिलेलं नसतं. करारात कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम असते, भाडं असतं, वाढीव कार्पेट म्हणजे घरातली जास्तीची जागा असते, राहिलेल्या माणसांच्या रात्रीचा विषय कुठेच नसतो.

काय होतं तर अंधार होतो. साईटच्या कामात गल्लीच्या वळणावरचा दिव्याचा खांब गेला. इस्त्रीवाले काका रात्री दहापर्यंत टेबल टाकून बसायचे ते गेले, पहाटे साडेचारला उघडणारं दूध केंद्र गेलं, पोळीभाजीवाल्या ताई दुसरीकडे गेल्या. आणि मुख्य म्हणजे गॅलऱ्या गेल्या. आधी संध्याकाळी कोणी ना कोणी गॅलरीत असायचंच, कोणाची मुलगी किती वाजता आली, कोणाच्या दाराशी कोण उभा आहे हे सगळ्यांना माहीत असायचं आणि तेव्हा त्याचा राग पण यायचा, पण चेन खेचणाऱ्याला अशी गल्ली नको असते. आता पत्र्याला डोळे नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत झालंय की बदलत्या वस्तीत सिक्युरिटी घेताना एजन्सी आपल्या गेटच्या आत काय करते याच्या आधी गेटच्या बाहेर, दोन गेटांच्या मधल्या रस्त्यावर काय करते ते बघावं, कारण आपण पैसे आतल्यासाठी देतो आणि माणूस लुटला जातो बाहेर.

आमची आधीची एजन्सी आतल्यासाठीच होती. त्यांचा गार्ड १२ तास बसायचा, रजिस्टर लिहून घ्यायचा, कुरिअरवाल्याला नंबर विचारायचा, आणि गल्लीत काही झालं की "मॅडम वो अपने हद में नहीं आता". त्याची चूक नव्हती, त्याला तसंच सांगितलेलं होतं. महिन्याला गार्ड बदलायचे, एकाची ओळख होतेय तोवर दुसरा. करार संपला तेव्हा आम्ही आणि शेजारच्या सोसायटीनं मिळून एकच एजन्सी घ्यायची ठरवली, दोन्ही कंपाउंडची भिंत एकच आहे मग गार्ड दोन कशाला, एकत्र घेतलं तर तीन पाळ्या परवडतात. वागळे इस्टेटच्या बाजूची ही छोटी एजन्सी, मालक स्वतः फौजेतून रिटायर झालेले, फार बोलत नाहीत पण कागद सगळे पहिल्या मीटिंगला टेबलवर ठेवले.

कागदांचं सांगते कारण हे कोणी विचारत नाही. खासगी सुरक्षा एजन्सीसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून धंद्यातले लोक त्याखालच्या परवान्याला सरळ "पसारा लायसन" म्हणतात. लायसन ५ वर्षांचं असतं, ऑफिसात दिसेल असं लावायला लागतं. गार्डचं वय १८ ते ६५ मधे पाहिजे, त्याची चारित्र्य पडताळणी झालेली पाहिजे, आणि ट्रेनिंग झालेलं पाहिजे. केंद्राच्या नमुना नियमांत ते १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं आहे, माजी सैनिक आणि पोलिसांना कमी. मी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागितलं तेव्हा आधी कोटेशन दिलेल्या दोन एजन्स्यांचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, यांनी फाईल काढून दिली. अजून एक, गार्डचा ड्रेस पोलीस किंवा मिलिटरीसारखा दिसायला नको, तो त्या कायद्यात गुन्हा आहे, आणि आमच्याच भागात बघा किती ठिकाणी खाकी घातलेले गार्ड उभे असतात. महाराष्ट्रात याशिवाय १९८१ चा स्वतःचा कायदा आहे सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा आणि कल्याणाचा, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ चालतं, तिथून नोंदणीकृत गार्ड घेता येतात, आम्ही चौकशी केली होती पण आमच्या बजेटमध्ये बसलं नाही. ज्या सोसायट्यांना परवडतंय त्यांनी जरूर विचार करावा.

दर सांगते. घरटी महिन्याला साधारण तेराशे पडतात, दोन्ही सोसायट्या मिळून, १८ टक्के जीएसटी धरून. आधीपेक्षा जास्त आहे. आमच्या मीटिंगमध्ये यावर दोन तास भांडण झालं, निवृत्त लोक जास्त आहेत, पेन्शनमधून मेंटेनन्स भरतात, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण १२ तासांच्या दोन पाळ्यांऐवजी ८ तासांच्या तीन पाळ्या घेतल्या हा या पैशांतला सगळ्यात चांगला खर्च. १२ तास उभा राहिलेला माणूस पहाटे तीन वाजता जागा राहूच शकत नाही, मग आपण त्याचा झोपलेला फोटो काढून ग्रुपवर टाकतो, हे मला कधीच बरं वाटलं नाही. आता सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दुपारच्या पाळीला एक ताई असतात. त्यासाठी तळमजल्यावरचा बंद पडलेला संडास आम्ही दुरुस्त करून आतून कडी बसवून दिला, गेटपाशी पंखा आणि पिण्याचं पाणी दिलं, हे एजन्सीनं करारातच लिहून घेतलं होतं. मला ते आवडलं. जो मालक आपल्या माणसाच्या संडासाचं आधी विचारतो त्याची माणसं टिकतात, आणि खरंच टिकली आहेत, रात्रपाळीचे काका पहिल्या दिवसापासून तेच आहेत, त्यांना आता कोणाची मुलगी क्लासवरून साडेनऊला येते आणि कोणाचा मुलगा एअरपोर्टच्या ड्युटीवरून पहाटे येतो सगळं पाठ आहे.

बाहेरच्या रस्त्याचं यांनी काय केलं ते आता. करारात एक ओळ आम्ही घातली आणि ती यांनी मान्य केली, बाकीच्यांनी केली नव्हती. अंधार पडल्यापासून सकाळपर्यंत दर तासाला गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राउंड, टॉर्च आणि शिट्टी घेऊन. चार ठिकाणी छोटे टॅग लावलेत, दोन आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यावर आणि दोन साईटवाल्यांच्या परवानगीनं पत्र्याच्या खांबांवर, तिथे गार्डनं मोबाईल टेकवला की वेळ नोंदली जाते. रस्ता सार्वजनिक आहे, गार्डला तिथे कोणाला अडवायचा, झडती घ्यायचा अधिकार नाही, आणि हे मालकांनी सगळ्या मेंबरांसमोर नीट सांगितलं, की आमचा माणूस तिथे उभा राहील, दिसेल, आवाज देईल, फोन करेल, हात लावणार नाही. डोळ्यासमोर मोठा गुन्हा घडला तर कुठलाही नागरिक जसा धरून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो तेवढंच. मला हे स्पष्ट बोलणं फार महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्यातल्याच काहींना गार्डनं संशयित माणसाला दोन लगावून द्याव्यात असं वाटत होतं.

राउंडचा उपयोग कळला तो मागच्या हिवाळ्यात. शेजारच्या सोसायटीतल्या आजी घंटाळीच्या देवळातून येत होत्या, साडेसातच्या सुमारास, पत्र्याच्या वळणावर मागून बाईकवर दोघं आले आणि गळ्यात हात घातला. दुपारच्या पाळीच्या ताई तेव्हा राउंडवर होत्या, तीस-चाळीस पावलांवर. त्यांनी शिट्टी मारली ती थांबवलीच नाही आणि टॉर्च सरळ तोंडावर धरत पळत सुटल्या, साईटचा वॉचमन पण ओरडत बाहेर आला, त्या गडबडीत अर्धी चेन आजींच्या पदरातच राहिली आणि ते पळाले. आजी पडल्या, कोपर सोललं, पण त्या घरी आल्या चालत. ताईंनी आधी आजींना बसवलं, मग ११२ लावला, गाडी आली, मग आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. स्नॅचिंग आता वेगळा गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, आधी चोरी किंवा जबरी चोरीत घालायचे. सोन्याची किंमत गेली म्हणून नव्हे पण आजी त्यानंतर बरेच दिवस एकट्या खाली उतरेनात, आणि त्यांच्यासाठी तेच जास्त होतं, देवळाची फेरी हाच त्यांचा दिवस होता. आता संध्याकाळी ताई त्यांना वळणापर्यंत सोबत करतात. करारात हे कुठेही लिहिलेलं नाही.

कॅमेऱ्यांवर थोडी जास्त बोलणार आहे कारण यात लोकांची सगळ्यात जास्त फसवणूक होते. आमच्याकडे आधीच आठ कॅमेरे होते आणि सगळ्यांना वाटायचं की आपण सेफ आहोत. या एजन्सीच्या टेक्निशियननं एका दुपारी सगळं तपासलं आणि जे सांगितलं ते ऐकून कमिटी गप्प झाली. एक, डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ अठरा मिनिटं पुढे होतं. पोलीस जेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलचं फुटेज आणि तुमचं फुटेज जोडून बघतात तेव्हा अठरा मिनिटांत बाईक घोडबंदरला पोचलेली असते, अशा फुटेजचा काय उपयोग. दोन, आम्हाला आधीच्यानं सांगितलं होतं की महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं. साधा हिशोब करा, एक कॅमेरा २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट धरला तर आठ कॅमेऱ्यांचे १६, आठ मेगाबिटचा एक एमबी, म्हणजे सेकंदाला २ एमबी, दिवसाला जवळपास १७३ जीबी, आणि हार्ड डिस्क २ टीबीची, म्हणजे साडेअकरा दिवसांत जुनं पुसलं जातं. कोणी पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आला तर दाखवायला काहीच नाही. आता ४ टीबी टाकली आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यांचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, कमी केला, महिन्याच्या जवळ जातं.

तीन, सगळे कॅमेरे २.८ एमएमच्या लेन्सचे आणि बारा फुटांवर लावलेले. तेवढी रुंद लेन्स सगळं अंगण दाखवते पण काहीच ओळखू येत नाही, चेहरा म्हणजे चार ठिपके, आणि एवढ्या उंचीवरून हेल्मेटचा वरचा भागच दिसतो. त्यानं गेटवरचा एक कॅमेरा सात-आठ फुटांवर उतरवला चेहऱ्यासाठी, आणि एक ६ एमएमचा गल्लीच्या तोंडाकडे, फक्त गाड्यांच्या नंबरसाठी. रात्री अजून एक भानगड होते, नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट चमकतात, कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, त्यावर पडला की प्लेट नुसती पांढरी दिसते, नंबर गायब. त्यासाठी त्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद करून तिथे साधा एलईडी फ्लड लावला आणि शटर स्पीड वाढवला. दिवा लागल्यावर कळलं की कॅमेऱ्यापेक्षा दिव्याचाच उपयोग जास्त आहे, बायका मुद्दाम त्या बाजूनं चालायला लागल्या.

त्या आजींच्या प्रकरणात बाईकचा नंबर याच कॅमेऱ्यात मिळाला. बाईक चोरीची निघाली, पण पोलिसांना वेळ आणि दिशा मिळाली. फुटेज देताना नुसता पेनड्राइव्ह देऊन चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, त्यात लिहावी लागते. पूर्वी याला ६५-बी म्हणायचे. एजन्सीकडे तो फॉर्म तयार होता, कसा भरायचा ते माहीत होतं, आणि मूळ फुटेज डीव्हीआरवर पुसलं जाऊ नये म्हणून त्याच रात्री वेगळं काढून ठेवलं. बाकी ठिकाणी लोक मोबाईलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात आणि दोन आठवड्यांनी मूळ पुसून जातं.

समोरच्या रिकाम्या बिल्डिंगच्या पलीकडे एक घर अजून राहतंय, त्यांच्या बेडरूमची खिडकी नव्या कॅमेऱ्यात येत होती. त्यांनी विचारायच्या आधीच टेक्निशियननं तेवढा भाग मास्क केला, म्हणजे चित्रात झाकून टाकला, आणि त्यांना बोलावून दाखवला. आणि यूपीएस घ्याच, खोदकामात जेसीबीनं केबल तोडली की अर्धा दिवस लाइट नसते आणि नेमके तेव्हाच कॅमेरे बंद.

आता मजुरांचा विषय, आणि इथे मला जरा मनापासून बोलायचंय. गल्लीत साईट सुरू झाल्यापासून आमच्या ग्रुपवर काहीही झालं की पहिला मेसेज "बाहेरचे लोक आलेत म्हणून". सायकल गेली, साईटचे. कुंडी फुटली, साईटचे. चेन ओढली तेव्हाही तेच, आणि चेन ओढणारे मुळात गल्लीचे नव्हते आणि साईटचेही नव्हते, उलट धावून आला तो साईटचाच वॉचमन. ही माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांची लहान मुलं खडीच्या ढिगावर खेळतात, आणि सगळ्यात मोठा धोका तर त्यांनाच असतो, सप्टेंबर २०२३ मध्ये बाळकुमला ४० मजली इमारतीत कामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले ते सगळ्यांना आठवत असेल. एजन्सीच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही साईटच्या वॉचमनशी आणि इंजिनिअरशी नंबर बदलून घेतले आणि गार्डना सांगितलं की ही गल्ली त्यांची पण आहे, नावानं हाक मारा. आता रात्री वळणावर काही वेगळं दिसलं तर पहिला फोन साईटच्या वॉचमनचाच येतो. गेलेल्या गॅलऱ्यांची थोडी तरी भरपाई झाली असेल तर ती अशी झाली.

याच ओळखीतून मिक्सरचं पण जमलं. काँक्रीटचे मिक्सर रिव्हर्समध्ये गल्लीत घुसायचे नेमके शाळेच्या व्हॅनच्या वेळेला, मागे कोण आहे ड्रायव्हरला दिसत नाही, पोरं दप्तर घेऊन मधून पळतात, माझा जीव रोज गॅलरीत टांगलेला असायचा. दोन्ही सोसायट्यांनी पत्र दिलं, साईट इंजिनिअर भला माणूस आहे, सकाळी सात ते आठ आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मिक्सर नाही असं लेखी दिलं. आणि मिक्सर येतो तेव्हा गेटवरचा दादा लाल झेंडी घेऊन मागे उभा राहतो. गल्लीतली दोन्ही बाजूची पार्किंग मात्र सुटलेली नाही, फायर ब्रिगेडची गाडी आज आत आली तर वळणावर अडकेल, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते आणि गाडीवाले माझ्यावर चिडतात, चिडू देत.

गेटचं ॲप पण पॅकेजमध्ये होतं. ठीक आहे. डिलिव्हरीला ओटीपी, पाहुण्याचा फोटो, नेहमीचंच. ज्येष्ठांना जमत नाही, त्यांच्यासाठी इंटरकॉम ठेवलाय. एक गोष्ट आम्ही बंद करायला लावली ती म्हणजे कामाला येणाऱ्या ताईंची जाता-येता पिशवी तपासणं, ते या ॲपच्या "चेकलिस्ट"मध्ये होतं. वीस-वीस वर्षं आमच्या घरात वावरणाऱ्या बाईची पिशवी गेटवर सगळ्यांसमोर उघडायची हे मला मान्यच नाही, आणि पोलीस पडताळणी झालेली असताना गरजही नाही. मालकांनी एका शब्दात काढून टाकलं.

आता कमी काय आहे ते. रिलीव्हर. तीन नेहमीच्या गार्डपैकी कोणी सुट्टीवर गेलं की येणारा बदली माणूस कच्चा असतो, त्याला गल्ली माहीत नसते, एकदा गणपतीत रात्रपाळीचे काका गावी गेले तेव्हा आलेल्या मुलानं राउंड न मारता एकाच कोपऱ्यावरचा टॅग पुन्हा पुन्हा टेकवलेला रिपोर्टात दिसला. सुपरवायझरला दाखवलं, त्यांनी मान्य केलं, मुलगा बदलला, पण होळीला पुन्हा तोच प्रकार. सणासुदीला गल्ली अजूनच रिकामी होते, नेमकी तेव्हाच गडबड नको. दुसरं, बिल वेळेवर येतं पण पीएफ आणि ईएसआयसी भरल्याच्या पावत्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मागितल्या की लगेच देतात, पण मागायला लागू नयेत. ही पावती सगळ्या सोसायट्यांनी मागावी, कारण आपण दिलेल्या पैशातून गार्डच्या हातात किती पडतं ते त्याशिवाय कळत नाही. तिसरं, सुपरवायझर रात्रीची अचानक भेट देतात असं करारात आहे, ती सुरुवातीला नियमित होती, आता कमी झालीय. आणि आगीचं ट्रेनिंग वरवरचं वाटलं, एक्स्टिंग्विशर कसा वापरायचा ते एकदा दाखवलं, खरं तर गार्डच्या हातून एकदा चालवून घ्यायला हवं होतं. नवीन टॉवरवाल्यांना तर हे जास्त लागू आहे, राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी द्यायचा असतो की यंत्रणा चालू आहे, पण फॉर्म असून काय, रात्री दोन वाजता पंपाचं पॅनल कुठे आहे ते खाली बसलेल्या माणसाला माहीत पाहिजे.

कोणी घ्यावी? ज्यांच्या गल्लीत आमच्यासारखं अर्ध पाडकाम आणि अर्धी वस्ती आहे, नौपाडा, पाचपाखाडी, चरई, वर्तकनगर अशा भागात, त्यांनी नक्की बोलावं, आणि शक्य असेल तर शेजारच्या सोसायटीला बरोबर घेऊन. घोडबंदरच्या पाच-सहा टॉवरच्या कॉम्प्लेक्सला हे पुरणार नाहीत, एवढी माणसं यांच्याकडे नाहीत आणि त्यांनी ते स्वतःच आमच्या एका नातेवाईकांना सांगितलं, काम मिळत असताना नाही म्हणाले.

रिन्यूअल करताना आम्ही तीन गोष्टी वाढवून लिहून घेतल्या आहेत. गणपती, दिवाळी, होळी आणि मेमधल्या सुट्ट्यांसाठी एकच ठरलेला रिलीव्हर, तोही आधी दोन रात्री काकांबरोबर राउंड मारून गल्ली बघून घेणार. पीएफच्या पावत्या बिलाला जोडून. आणि सुपरवायझरच्या रात्रीच्या भेटीची नोंद त्याच टॅगवर. वर्षाला सात टक्के वाढ मागितली होती, ती पूर्ण गार्डच्या पगारात जाणार असेल तर देतो म्हणालो, त्यांनी पगाराची स्लिप दाखवायची तयारी दाखवली.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर दुपारी तीनला किंवा रात्री अकराला या, पाळी बदलताना दोघंही गार्ड गेटवर असतात आणि रजिस्टर एकमेकांना समजावून देत असतात, कमिटीतल्या कोणालाही विचारा, राउंडचे रिपोर्ट दाखवायला आमची काही हरकत नाही.